टिनाखालची बांधी

रोज संध्याकाळी मी स्कूटी लावून हेल्मेट काढते न काढते तोच बाबा पडवीतून विचारायचे, "निळं झालं काय?"

मी म्हणायचे, "नाही." मग ते चहा ठेवायला उठायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे. दोन वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर असंच चाललं.

निळं काय व्हायचं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज आणि दर जूनला नव्याने धाकधूक. पीएच.डी. हातात असल्याशिवाय कायम जागेच्या मुलाखतीत कोणी हिंग लावून विचारत नाही. माझी मुदत संपून एक वाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नाही असं विद्यापीठाने पत्रात लिहून दिलं होतं. डिसेंबरअखेर प्रबंध जमा करायचा, नाहीतर नोंदणी रद्द. माझं वय अडतीस. रद्द झाली असती तर मी काही मेले नसते, पण दर जूनला अर्ज लिहीतच म्हातारी झाले असते, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

विषय माझा मीच निवडलेला, त्यामुळे बोल लावायला दुसरं कोणी नव्हतं. पेशीच्या पडद्यात एक दार असतं. पुस्तकात त्याला व्होल्टेज-गेटेड प्रोटॉन चॅनल म्हणतात. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन. चिंच आंबट लागते, ताक आंबट लागतं, ती सगळी ह्या प्रोटॉनची करणी. आता रक्तातली पांढरी पेशी घ्या. ती जंतूला गिळते आणि मग त्याला जाळण्यासाठी त्याच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करते. मारा चांगला, पण प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यापार गेला की त्याचा जोडीदार प्रोटॉन मागे आतच राहतो. थोड्याच वेळात पेशी आतून आंबट व्हायला लागते, पडद्यावरचा विजेचा दाब चढतो आणि माराच बंद पडायची वेळ येते. नेमक्या ह्या वेळी ते दार उघडतं. दाब चढलेला त्याला कळतो, आत आंबट जास्त आणि बाहेर कमी हेही कळतं, आणि ते आतले प्रोटॉन बाहेर सोडून देतं. बाहेरचं आत घेत नाही. मग मारा पुन्हा सुरू राहतो आणि जंतू मरतो.

हे दार पहिल्यांदा गोगलगायीच्या मज्जापेशीत सापडलं. समुद्रात काही सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की चमकतात, त्या चमकण्यामागेही हेच असावं असं मानतात. माणसाच्या शुक्रपेशीत तर हे दार उघडल्यावरच ती धड पोहायला लागते. आणि ह्या सगळ्या दारांचा एकच वैरी, तो म्हणजे जस्त. पाण्यात विरघळलेलं जरासं जस्त बाहेरून येऊन दाराला अडकतं आणि दार उघडत नाही. मला हे वाचून वेड लागायचं बाकी राहिलं होतं. इतकं लहान दार, इतक्या ठिकाणी, आणि आमच्या बोडीतल्या मागूर माशात ते कसं चालतं हे कोणी नीट पाहिलेलं मला सापडलं नव्हतं.

बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. आमच्याकडे, एकोडीच्या पुढे, धानाच्या शेताला लागून अशा बोड्या असतातच. अशा शेतातल्या धानाच्या एकेका तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि तिच्या बांधाला धुरा. बाबांना मी हे सगळं एकदा धुऱ्यावर बसून सांगितलं होतं. त्यांनी दातात काडी घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे धुऱ्यातली पाणी काढाची वाट. बांधी भरली का फोडाची. भायेरचं पाणी मात्र आत नाही येऊ द्याचं." माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना हेच समजवायला मला तीन तास लागतात. बाबा सातवी शिकलेले आहेत.

प्रयोग साधा होता, कारण साध्याशिवाय मला परवडणारा नव्हता. मागूर पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो, त्याला लवंगेच्या तेलाने गुंगी आणायची, ते तेल मी सानगडीच्या बाजारातून आणायचे. शेपटीकडून थेंबभर रक्त घ्यायचं, मासा परत बोडीत. रक्ताचा थेंब काचेवर ठेवला की पांढऱ्या पेशी काचेला चिकटतात. बाकीचं मिठाच्या पाण्याने धुऊन टाकायचं. मग त्या पेशींना खायला मेलेलं यीस्ट आणि वरून एक पिवळा रंग. पेशीने मारा केला तर तो रंग पेशीतच गडद निळा होतो. मारा नाही, तर पिवळा तो पिवळाच. एका काचेवर साधं मिठाचं पाणी, दुसरीवर तेच पाणी पण मुद्दाम जस्त घातलेलं. साध्या पाण्यातली पेशी निळी आणि जस्तातली फिकी निघाली तर दार आहे, आणि ते आपलं काम करतं. इतकंच मला दाखवायचं होतं.

सुरुवातीचा एक प्रयोग मी नागपूरला माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या प्रयोगशाळेत केला होता. काय निळं आलं होतं. वहीवर शाई सांडावी तसे एकेका पेशीत डाग. त्या एका दिवसाच्या जोरावर विषय मंजूर झाला, आणि पुढचं काम मी आमच्या कॉलेजात हलवलं. रोज नागपूरला जाणं शक्यच नव्हतं.

कॉलेजात आल्यावर पहिली अडचण पाण्याची. असल्या कामाला शुद्ध पाणी लागतं, साधं बोअरचं चालत नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं पाणी उकळून शुद्ध करायचं यंत्र जळलेलं होतं, आणि नवीन घ्यायचं तर तीन कोटेशन, मग समिती, मग पुन्हा कोटेशन. मी घरी येऊन कॉलेजच्या नावाने बोटं मोडत होते, तर बाबा म्हणाले, "शुद्ध पाणी पायजे ना? आपल्याकडं आहे का नाही."

होतंच. आमच्या भागात अर्ध्या घरांत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला बाटलीबंद पाणी विकत कोण आणतो? पावसाचं धरतात. पहिले दोन-चार पाऊस छपराचं टिन धुऊन जाऊ देतात, मग गोठ्याच्या टिनाखाली प्लॅस्टिकचा ड्रम लावतात, तोंडाला लुगड्याचं फडकं बांधतात, आणि भरलेलं पाणी डबक्यांत, म्हणजे प्लॅस्टिकच्या कॅनांत, घालून वर्षभर पुरवतात. आमचा इन्व्हर्टर बाबांच्या ह्या पाण्यावर कधी कुरकुरला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. माझ्यासाठी मात्र त्यांनी नवा ड्रम आणला. फडकं उकळून घेतलं. डबक्या घासून, उन्हात वाळवून, झाकणाला पिशवी बांधून तयार ठेवल्या. म्हणाले, "जमिनीले लागलंच नाही हे पाणी. याच्याहून शुद्ध आणखी काय असन?"

मीही काही आंधळी नव्हते. साकोलीला पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे पेनासारखं एक मीटर मिळतं, पाण्यात बुडवलं की आत किती क्षार आहेत त्याचा आकडा दाखवतं. ते मी घेतलं. बाबांच्या पाण्याचा आकडा इतका कमी आला की नागपूरच्या पाण्याला लाज वाटावी. मी खूश. बाबा तर त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून ते मीटर दाखवत होते.

त्यानंतर दोन वर्षं निळं झालं नाही.

साध्या पाण्यातल्या पेशी फिक्या आणि जस्तातल्या पेशीही फिक्या. दोन काचांमध्ये फरक म्हणून नाही. मी रंग बदलला, यीस्ट बदललं, मासे बदलले. सकाळी करून पाहिलं, दुपारी करून पाहिलं. थंडीत पेशी सुस्त असतील म्हणून बल्बखाली करून पाहिलं. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात हे. पोरांवर ओरडायचे, शिपायावर ओरडायचे, एकदा सूक्ष्मदर्शकालाच चार शब्द सुनावले. आणि संध्याकाळी घरी आल्यावर तो प्रश्न. कधी कधी वाटायचं, बाबांनी नाही विचारलं तर काय बिघडेल. पण ते विचारायचेच, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा, माझ्याहून जास्त.

दुसरं वर्ष संपत आलं त्या जुलैमध्ये मॅडमनी मला नागपूरला बोलावलं. त्या कडक, पण माझ्या वाईटावर कधीच नव्हत्या. म्हणाल्या, "हे बघ, आकडे एकसारखे आले आहेत. ह्या माशात हे चॅनल नाही किंवा ते ह्या कामाचं नाही, असं लिही. नकारात्मक निष्कर्षही निष्कर्षच असतो. डिसेंबरच्या आत प्रबंध बसेल."

"पण मॅडम, पहिल्या वेळी निळं आलं होतं. तुमच्याच टेबलावर."

"एकदा आलं. एकदाचं धरून बसता येत नाही."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला ते गिळवेना. चॅनल नाही असं मी लिहिलं असतं तर ते छापून झालं असतं, कोणीतरी पुढे त्याचा आधार घेतला असता, आणि माझ्या डोळ्यांनी तर मी निळं पाहिलं होतं. मी म्हटलं, "महिनाभर द्या." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

महिना निम्मा गेला. ऑगस्टमधला रविवार होता, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, होऊन तीनेक आठवडे झालेले. धानाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसायला लागले होते. आमच्याकडे हे दरवर्षीचं आहे. जमिनीत जस्त कमी पडलं की धान असा गंजल्यासारखा दिसतो, त्याला खैरा म्हणतात, आणि त्यावर झिंक फेकावं लागतं. बाबा बांधीत उतरून पांढरं झिंक मातीत मिसळून फेकत होते, आणि मी धुऱ्यावर बसून माझ्या नशिबाला शिव्या देत होते. त्यांनी एक बांधी केली, दुसरी केली, आणि गोठ्याला लागून असलेली छोटी बांधी सोडून सरळ पुढे गेले.

मी उगीच विचारलं, बोलायचं म्हणून. "ही काहून सोडली?"

"हिले नाही लागत."

"काहून?"

"टिनाचं पाणी पडते ना हिच्यात," बाबा न थांबता म्हणाले. "टिनाखालच्या बांधीत खैरा येतच नाही. गोठा बांधला तवापासून पाहून राहिलो मी."

मी उठून उभी राहिले. ती बांधी खरंच हिरवीगार होती. बाजूच्या बांधीत ठिपके आणि हिच्यात एक नाही. वर गोठ्याचं टिन. टिन म्हणतो आम्ही, पण ते असतं लोखंड, आणि गंजू नये म्हणून त्याला मुलामा कशाचा असतो हे मी स्वतः अकरावीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं आहे. जस्ताचा. पावसाचं पाणी जरा आंबटच असतं, ते टिनावरून वाहताना जस्त घेऊन खाली येतं. धानाला पुरेल इतकं घेऊन येतं. मग माझ्या पेशींना ते किती होत असेल? माझ्या मीटरने एकूण क्षार मोजले होते, ते थोडेच होते. त्या थोड्यात काय आहे हे ते मीटर सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या दोन्ही काचांवर जस्त होतं. साध्या पाण्याची म्हणून जी काच मी दोन वर्षं पाहत होते, ती साधी कधी नव्हतीच.

अशा वेळी शहाण्या माणसाने आनंदाने नाचायला हवं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धुऱ्यावरूनच ओरडले, "तुमच्या पाण्यानं दोन वर्षं खाल्ले माझे. दोन वर्षं, बाबा. कोणी सांगतलं होतं तुमाले मध्ये पडाले?"

ते घोट्यापर्यंत चिखलात, हातात झिंकची बादली. त्यांना आधी काही कळलंच नाही. मी ओरडत ओरडतच सगळं सांगितलं, टिन, जस्त, दार, सगळं. शेवटी ते म्हणाले, "मले का मालूम, बाई." मग त्यांनी उरलेलं झिंक फेकून संपवलं. काम अर्धं टाकायची त्यांना सवय नाही.

संध्याकाळी मी पाहिलं तर गोठ्याखालचा नवा ड्रम उपडा घातलेला होता. फडकं दोरीवर. भरलेल्या डबक्या त्यांनी ओतून दिल्या नव्हत्या, मागच्या खोलीत एका ओळीत लावून ठेवल्या होत्या, मला लागतील म्हणून. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले, हेल्मेट काढलं, आणि पडवीतून काहीच आवाज आला नाही. चहा आयता मिळाला. त्यानंतर बाबांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही.

मला लाज वाटली, आजही वाटते. पण माफी मागायची रीत आमच्या घरात नाही, आणि माझ्याकडे चार महिने उरले होते. मी ठरवलं की सगळं पहिल्यापासून करायचं, एकही जुना आकडा न वापरता. मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "जमणार नाही." मी म्हटलं, "जमवते."

पाणी नागपूरहून आणायचं ठरलं, मॅडमच्या प्रयोगशाळेतून, दर शनिवारी दोन कॅन, एसटीने. कंडक्टर पहिल्याच दिवशी आडवा आला. "काय आहे यात? पेट्रोल तं नाही?"

"पाणी आहे."

"कुठं चालवलं?"

"नागपूरहून आमच्या गावी."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तलावाच्या जिल्ह्यात नागपूरहून पाणी नेऊन राहिल्या तुमी?" मागची सगळी सीट हसली. मी म्हटलं, "हो, नेऊन राहिली. तिकीट फाडा." पुढे पुढे तोच माझे कॅन उचलून आत घ्यायचा आणि नव्या प्रवाशांना सांगायचा, ताईंचं पाणी आहे, पाय नका लावू.

पहिले दोन कॅन आले त्या सोमवारी मी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. काचा धुतल्या, यीस्ट दिलं, रंग घातला, आणि अर्धा तास ओल्या कागदावर झाकून ठेवल्या. मग डोळा लावला. साध्या पाण्याच्या काचेवर निळं होतं. एक पेशी नाही, दोन नाही, नजर जाईल तिकडे. जस्ताच्या काचेवर फिकं. मी स्टुलावर बसून रडले, मग तोंड धुऊन बी.एस्सी.चा तास घेतला, कारण तासाची घंटा झाली होती.

पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते विचारतील म्हणून मी हेल्मेट हातात धरून अंगणात थोडी थांबलेही. त्यांनी आतून चहा आणून ठेवला आणि गाईला पाणी दाखवायला गेले. मलाही अडून बसायची सवय आहे, मीही बोलले नाही. बापलेक सारखेच.

मग मागे न बघता काम केलं. सकाळी सातला प्रयोगशाळा, अकराला तास, दुपारनंतर पुन्हा काचा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची चावी मागून घेतली. धानकापणीच्या दिवसांत बाबा एकटे शेतावर आणि मी सूक्ष्मदर्शकावर, हे मला टोचायचं, पण मी गेले नाही. शेवटी बाबांच्या डबक्या मी मागच्या खोलीतून घेऊन गेले. त्यांचं पाणी वापरून निळं जातं का ते पाहिलं. गेलं. मग त्याच पेशी नागपूरच्या पाण्यात दोनदा धुतल्या, पुन्हा यीस्ट दिलं, पुन्हा रंग. निळं परत आलं. हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा केलं, कारण एकदाचं धरून बसता येत नाही. एक डबकी तपासायला पाठवली, तीत जस्त निघालं.

आता हे लिहायचं की नाही यावरून मॅडमशी माझं वाजलं. त्या म्हणाल्या, "नवे आकडे चांगले आहेत, तेवढे दे. स्वतःची दोन वर्षांची चूक प्रबंधात कशाला छापतेस? परीक्षक तिथेच पकडतील." मी ऐकलं नाही. दार बंद करणारं पाणी कुठून आलं हे सांगितल्याशिवाय ते प्रकरणच उभं राहत नव्हतं. आणि आमच्यासारख्या कितीतरी कॉलेजांत टिनाचं पाणी शुद्ध म्हणून वापरत असतील, त्यांना कोण सांगणार? मी साहित्य आणि पद्धती ह्या प्रकरणात लिहिलं: पावसाचं पाणी, गोठ्याच्या जस्तलेपित छपरावरून गोळा केलेलं. त्याच्याखाली एक वाक्य आणखी लिहिलं, की पाणी जस्तासाठी न तपासता वापरणं ही संशोधकाची चूक. हे वाक्य लिहायला मला अख्खा दिवस लागला. बाबांनी पाणी दिलं होतं, ते जितकं स्वच्छ देता येईल तितकं देऊन. तपासायचं काम माझं होतं, आणि धुऱ्यावर मी ते त्यांच्या अंगावर टाकून मोकळी झाले होते.

डिसेंबर संपायला तीन दिवस असताना प्रबंध जमा केला. तोंडी परीक्षा जूनमध्ये लागली. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मी बाबांना म्हटलं, "तुमी चला."

"मी कायले? मले का समजते तिथलं?"

"पाणी तुमचंच आहे त्यात," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण सकाळी पांढरा शर्ट घालून माझ्याआधी तयार होते.

परीक्षक बाहेरचे, वयस्कर, शांत. त्यांनी दीड तास मला पिळून काढलं. जस्ताने पेशीच मेली नाही हे कशावरून, दार सोडून दुसरं काही बंद पडलं नाही हे कशावरून. मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी ते पान उघडलं. "दोन वर्षांचं काम तुम्ही टाकून दिलं. ही चूक कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "पाणी आणणाऱ्याने हवं तितकं स्वच्छ आणलं होतं. मी तपासलं नाही. आणि चूक सापडली ती त्यांच्याच शेतातल्या एका बांधीमुळे." मग मी टिनाखालच्या बांधीची गोष्ट सांगितली. परीक्षक पहिल्यांदा हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी नियमाप्रमाणे त्यांनी सभागृहाला विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. हे विचारायचं असतं म्हणून विचारतात, कोणी काही विचारत नाही. लोक उठायच्या बेतात होते. मागच्या रांगेत बाबा उभे राहिले. दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरलेली.

"मले एक विचाराचं आहे," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण सगळ्यांदेखत. "ते टिनाचं पाणी ज्या पेशीले लागलं, तिचं दार कायमचं बिघडलं काय? का मंग खोलते?"

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. पाचपन्नास माणसं बसली होती, आणि दहा महिने हा माणूस हेच मनात घेऊन मला रोज चहा देत होता. उत्तर मला येत होतं, प्रबंधातलं सगळ्यात पक्कं उत्तर तेच होतं.

"खोलते, बाबा," मी म्हटलं. "चांगल्या पाण्यात दोनदा धुतलं का खोलते. काहीच बिघडलं नाही तिचं."

"पयल्यासारखं?"

"पयल्यासारखं. निळं झालं, बाबा."

ते "बरं" म्हणाले आणि खाली बसले. परीक्षकांनी कागद गोळा करून निकाल सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला त्यातलं फारसं आठवत नाही.

घरी पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं; टिन धुऊन नेणारे पहिले पाऊस होऊन गेले होते. बाबांनी शर्ट बदलला आणि चहा ठेवायच्या आधी गोठ्याकडे गेले. उपडा ड्रम वर्षभरात चिखलात रुतून बसला होता, त्यांच्याने एकट्याने हलेना. मी साडी खोचली आणि दुसऱ्या बाजूने धरलं. आम्ही दोघांनी तो सरळ करून टिनाखाली लावला. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कमी झालं होतं.